वाईट बंदराचा पत्ता

त्या हरवलेल्या राज्याने बाईंच्या घरात जेवढी जागा अडवली होती, तेवढी त्याने आपल्या भरभराटीच्या काळात जमिनीवर तरी अडवली होती की नाही, अशी शंका बाईंच्या यजमानांना अधूनमधून येत असे. जेवणाच्या टेबलावर किनाऱ्याचा नकाशा पसरलेला असायचा आणि नवराबायको दोघं त्याच्या एका कोपऱ्यात, साधारण उथळ पाण्याच्या भागात, ताटं ठेवून जेवायची. आमटी सांडली तर ती समुद्रात सांडावी, जमिनीवर नको, एवढा नियम पाळला जाई.

बाईंनी जन्मभर कॉलेजात समुद्रापलीकडच्या व्यापाऱ्यांची जुनी भाषा शिकवली होती. ती भाषा आता जगात कुणी बोलत नाही. त्यामुळे बाईंचे उच्चार चुकतात असं म्हणायलाही कुणी उरलेलं नव्हतं, आणि या गोष्टीचा त्यांनी पुरेपूर फायदा घेतला होता. यजमान बंदर खात्यात नकाशे काढायचे. निवृत्तीच्या दिवशी खात्याने त्यांना सोडलं, पण नकाशांनी काही सोडलं नाही. दोघांच्या संसारात मूलबाळ नव्हतं. होते ते तीन परदेशी पाहुणे, आणि तेही कैक शतकांपूर्वी वारलेले.

पहिला मिरी विकत घ्यायला आलेला, म्हणून त्याला घरात मिरीवाला म्हणत. दुसरा घोडे विकायला आलेला, तो घोडेवाला. तिसरा औषधी मुळ्या शोधत आलेला आणि पानोपानी स्वतःच्या पोटाबद्दल लिहिणारा, तो रडका वैद्य. तिघांनी आपापल्या प्रवासाच्या हकिगती लिहून ठेवल्या होत्या आणि तिघांनीही एका श्रीमंत राज्याचं वर्णन केलं होतं, ज्याच्या राजाची खूण होती दोन शेपट्यांचा मासा. बाजार असा, राजवाडा तसा, माल उतरवायला माणसं कमी पडावीत इतकी जहाजं. यजमान सकाळी दात घासता घासता विचारत, "आज मिरीवाला काय म्हणतोय?" आणि बाई चष्मा पुसत सांगत, "कालचंच म्हणतोय. पण आज मला ते जास्त खोटं वाटतंय."

कारण राज्य तिघांनी पाहिलं होतं, पण पत्ता एकाचा दुसऱ्याशी जुळत नव्हता. मिरीवाल्याने सांगितलेली अंतरं मोजली तर राज्य भर समुद्रात पडायचं. घोडेवाल्याच्या हिशोबाने ते एका डोंगराच्या माथ्यावर जायचं, म्हणजे जहाजं वर कशी चढवली याचा वेगळा शोध लावावा लागला असता. वैद्याचं ऐकलं तर जहाजाला शेजारच्या देशातून पायी यावं लागलं असतं. यजमानांनी समुद्रातली ती जागा इतक्या वेळा काढली आणि खोडली होती, की खोडरबराने तिथे नकाशाला भोक पडलं होतं. भोकातून टेबलाचं लाकूड दिसायचं. "सापडलं," ते गंभीरपणे म्हणायचे, "राज्य आपल्या टेबलावरच आहे."

हे सगळं हसण्यावारी जात होतं ते संशोधन मंडळाचा निरोप येईपर्यंत. मंडळात बाईंना एक खोली होती. दारावर 'लुप्त राज्ये' अशी पाटी, आत दोन कपाटं आणि एक खुर्ची, जिच्यात बाईंशिवाय कुणी बसलं की ती कुरकुरायची. मंडळाचे संचालक हे बाईंचेच जुने विद्यार्थी. परीक्षेत त्यांनी एका राजाला सलग दोन पानं राणी समजून भाषांतर केलं होतं आणि तरीही बाईंनी त्यांना पास केलं होतं. ही दया आपल्याला महागात पडणार हे तेव्हा बाईंना कळलं नव्हतं. संचालकांनी अदबीने सांगितलं, की यंदाच्या हंगामात एक चर खणायची परवानगी मिळाली आहे. एकच. त्यात राज्य सापडलं तर आनंद आहे. नाही सापडलं, तर खोलीची पाटी उतरवून तिथे पाहुण्यांसाठी बैठक करायची, असं वरून ठरलं आहे. कोच कोणत्या रंगाचे घ्यायचे याबद्दल बाईंचं मतही त्यांनी विचारलं. माणूस मनाने चांगला होता.

चर कुठे खणायचा हेही संचालकांनी ठरवून टाकलं होतं: भूशिरावर. अंतरं जुळत नसली तरी राज्याचं बंदर म्हणून भूशिराची स्तुती तिघांनीही केली होती. शीतल छाया, गोड पाणी, मंद वारा, प्रेमळ लोक. शिवाय तिथे एक नवं विश्रामगृह झालं होतं, ज्याच्या गच्चीवरून खोदकामाची पाहणी बसल्या बसल्या करता आली असती. मंडळाच्या समितीतल्या सदस्यांना हा युक्तिवाद शास्त्रशुद्ध वाटला.

यजमानांनी ते ऐकलं आणि पेन्सिल खाली ठेवली. "अगं, तिथे खाली नुसता खडक आहे. नांगर धरत नाही. माझ्या नोकरीत तिथे एकही शहाणा माणूस होडी उभी करायला गेलेला मला आठवत नाही. आणि हे म्हणतात, सगळ्या जगाची जहाजं तिथे उभी राहायची."

"मग कुठे राहायची?" बाईंनी विचारलं.

यजमानांनी भोकाकडे पाहिलं.

बाईंनी मनातल्या मनात हिशोब मांडला. खोली गेली असती तर दोन कपाटं आणि खुर्ची घरी आणता आली असती. तिचं एवढं काही नव्हतं. पण दुसऱ्या एका शहरात एक विद्वान होते, ज्यांना बाई 'कल्पनावाले' म्हणत. त्यांनी कधीच छापून टाकलं होतं, की असं राज्य नव्हतंच. समुद्रावर कंटाळलेल्या माणसांनी वेळ घालवायला रचलेली ती कहाणी आहे. रिकामा चर म्हणजे कल्पनावाल्यांच्या लेखावर सरकारी खर्चाने मारलेला शिक्का. आपण जन्मभर वर्गात उभं राहून, डोळ्यात चमक आणून, पोरांना नसलेल्या राज्याचा कारभार शिकवला, ही गोष्ट बाईंच्या घशाखाली उतरत नव्हती.

अशा मनःस्थितीत माणसाने एक तर झोपावं किंवा नवा कोट शिवावा. बाईंनी कोट शिवला.

तो कोट अंगावर असतानाच वन्सं आल्या. वन्सं म्हणजे यजमानांची थोरली बहीण, शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिका. निवृत्ती त्यांनी फक्त पगारापुरती स्वीकारली होती. बाकी अधिकार चालूच होते. घरात शिरल्यावर त्या आधी माणसांच्या नखांकडे बघत आणि मग चेहऱ्याकडे. आज त्यांनी नखं सोडून थेट कोटाकडे पाहिलं. खांद्यात असा बसला होता की बाई कोटासाठीच जन्माला आल्यासारख्या दिसत होत्या.

"शिवला कुणी?" वन्संनी विचारलं.

बाईंना एक शिंपी सापडला होता. हे त्यांच्या आयुष्यातलं एकमेव गुपित होतं. चांगला शिंपी सापडणं सोपं नसतं आणि तो सापडल्याचं दुसऱ्यांना कळलं की तो हरवायला वेळ लागत नाही, हे बाई जाणून होत्या. म्हणून त्यांनी चेहरा पाडला.

"आहे एक. पण काही खरं नाही त्याचं, वन्सं. तुम्ही जाऊच नका. वखारीच्या मागच्या बोळात बसतो, नाक धरून जावं लागतं. पायरी तुटलेली. अर्ध्या कानाचा एक कुत्रा दारात पडलेला असतो, जुन्या गिऱ्हाइकाकडे बघतही नाही पण हातात नवं कापड दिसलं की भुंकतो. जेवल्यावर शिंपीबुवा झोपतात ते उठतच नाहीत, सकाळीच गाठावं लागतं. बाही तर दर वेळी लांब ठेवतो. ओरडल्याशिवाय कमी करत नाही."

वन्संनी हे सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग चहाचा कप बशीत ठेवला, आणि तो ठेवल्याचा आवाज शाळेच्या घंटेसारखा आला.

"पायरी कुठल्या बाजूने तुटलीय?"

"उजव्या," बाई पटकन म्हणाल्या.

यजमान नकाशात तोंड घालून बसले.

"अगं," वन्सं म्हणाल्या, आणि त्यांच्या आवाजात खूप वर्षांनी एखादी मोठी कॉपी पकडल्याचं समाधान होतं, "जिथे माणूस जात नाही, तिथली पायरी कुठल्या बाजूने तुटलीय हे त्याला ठाऊक नसतं. माझ्या शाळेत पोरं म्हणायची, बाई, आम्ही तळ्यावर गेलोच नाही, तिथे त्या वाकड्या झाडाखाली फार चिखल असतो. मी म्हणायची, बरं, पायमोजे दाखवा. जागेची इतकी बारीक तक्रार करणारा माणूस तिथे रोज जात असतो आणि दुसरं कुणी येऊ नये एवढीच त्याची इच्छा असते. आता पत्ता सांग."

पण बाईंचं लक्ष पत्त्यावर नव्हतं. त्या वन्संकडे टक लावून बघत होत्या, आणि बघता बघता त्यांचा चेहरा असा उजळत गेला की यजमानांना वाटलं, हिला चक्कर येते आहे. त्या उठल्या, कोटासकट कपाटाकडे धावल्या आणि तिन्ही पाहुण्यांना एकदम टेबलावर आणून आपटलं.

"अहो," त्या म्हणाल्या, "ती घाणेरडी खाडी कुठे आहे?"

घाणेरडी खाडी तिघांच्याही हकिगतीत होती. बाईंनी ती अनेकदा वाचली होती आणि दर वेळी पान उलटलं होतं, कारण विद्वान माणूस राजवाडा शोधत असताना डासांचं वर्णन वाचत बसत नाही. आता त्यांनी मोठ्याने वाचायला घेतलं. मिरीवाला म्हणत होता, की त्या खाडीकडे कुणी जाऊ नये. पाणी मचूळ, डास कबुतराएवढे, आणि धक्क्याच्या पायऱ्यांवरची सगळ्यात खालची पायरी अशी कललेली आहे की पाऊल ठेवलं की माणूस पाण्यात. घोडेवाला म्हणत होता, की तिथला तोलणारा तिरळा आहे आणि एका डोळ्याने तराजूकडे, दुसऱ्याने तुमच्या थैलीकडे बघतो. त्याचा मधला दगड हलका आहे. शिवाय गेल्या खेपेपासून त्याने मेव्हण्यालाही हाताशी घेतलं आहे. वैद्य तर तिथल्या खाणावळीतल्या प्रत्येक पदार्थाने आपल्या पोटाचं काय केलं ते ऋतूंप्रमाणे सांगत होता.

"ऋतूंप्रमाणे," वन्सं म्हणाल्या. "म्हणजे सगळ्या ऋतूंत जाऊन आला."

"आणि मेव्हणा गेल्या खेपेपासून," यजमान म्हणाले. "म्हणजे त्याच्या आधीचीही खेप होती."

"आणि ते छानसं भूशिर," बाई म्हणाल्या. "शीतल छाया, गोड पाणी. कुणाच्या मेव्हण्याचा पत्ता नाही की पायरीचा. तिघांनी आपसात ठरवल्यासारखे तेच चार शब्द लिहिलेत. अहो, व्यापारी होते हो ते. स्वस्त मालाच्या बाजाराचा खरा पत्ता कुठला व्यापारी छापून वाटेल? ज्यांना कटवायचंय त्यांना गोड बोलून भूशिरावर पाठवलं, आणि जिथे खरं दुकान होतं तिथे 'कुत्रा चावतो' लिहिलं. मी इतकी वर्षं त्यांच्या भाषेचा प्रत्येक प्रत्यय सोडवला, पण तक्रार आली की पान उलटत राहिले."

मग यजमानांची पाळी आली. खाडी टाळायची कशी, हेही तिघांनी अगत्याने सांगितलं होतं. मिरीवाला सांगत होता: लाल कडा दिसेल, मधोमध गुराच्या खुरासारखी चीर, जहाजाचं नाक सरळ त्या चिरेकडे आलं तर समजा संकट जवळ आहे. घोडेवाला: दोन काळे खडक एकापाठी एक येऊन एकच दिसू लागले तर ताबडतोब माघारी फिरा, नाहीतर भरतीबरोबर आत ओढले जाल, आणि देवकृपेने खालचा गाळ मऊ असल्याने जहाजाला काही होणार नाही. वैद्य: पाठीशी बोडका डोंगर घेऊन, मावळतीला सूर्य नाकावर येईल असं कधी जाऊ नका, थेट त्या नरकात पोहोचाल.

यजमान ऐकता ऐकता उभे राहिले होते. "हे टाळायचे मार्ग नाहीत," ते म्हणाले, "आमच्या खात्याने याहून चांगली वाट कधी आखली नाही. एवढं नीट सांगितलं असतं तर आमच्या साहेबाला बढती मिळाली असती." त्यांनी पट्टी घेतली. लाल कडा आजही जागेवर होता, काळे खडक होते, बोडका डोंगर तर जास्तच बोडका झाला होता. पहिली रेघ मारली. दुसरी मारली. तिसरी मारताना पट्टी किंचित सरकली आणि वन्संनी सवयीने म्हटलं, पट्टी घट्ट धर.

तिन्ही रेघा एकाच ठिकाणी भेटल्या. इतक्या नेमक्या की पेन्सिलीच्या टोकाखाली सगळं राज्य झाकलं गेलं.

ती जागा म्हणजे कौलांच्या भट्ट्यांच्या मागची दलदल. खाडी केव्हाच गाळाने बुजली होती. तिकडे शहरातलं कुणी जात नसे, कारण पाणी मचूळ होतं आणि डास, मिरीवाल्याने थोडी अतिशयोक्ती केली होती हे मान्य करूनही, चांगले दांडगे होते.

बाईंनी यजमानांकडे पाहिलं, यजमानांनी बाईंकडे. एरवी या वयात माणसं एकमेकांना औषधाची आठवण करून देतात. या दोघांनी एकमेकांचे हात धरून टेबलाभोवती एक फेरी मारली, आणि वन्संनी शिस्त बिघडते आहे म्हणून तिकडे पाठ केली. पाठ केल्यावर त्याही थोड्या डोलल्या, असं यजमान नंतर शपथेवर सांगत.

आता प्रश्न होता संचालकांचा. त्यांना बाईंनी सगळं समजावून सांगितलं. त्यांनी अत्यंत आदराने ऐकलं आणि अत्यंत आदराने विचारलं, की केवळ वाईट आहे म्हणून एखाद्या जागी खणावं, हे समितीला कसं सांगायचं? सदस्यांनी विश्रामगृहासाठी टोप्यासुद्धा घेतल्या होत्या. तरी बैठकीत विषय मांडू, मतं घेऊ, म्हणाले.

समितीत शाळांच्या वतीने वन्सं होत्या. बैठकीच्या आदल्या दिवशी बाई त्यांच्या घरी गेल्या आणि इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर मत मागितलं. वन्सं म्हणाल्या, मत काय, मी सगळी बैठक देते तुला. पत्ता सांग. एका बाजूला राज्य होतं, राजवाडा होता, दोन शेपट्यांचा मासा होता. दुसऱ्या बाजूला खांद्यात बसणारा कोट होता. ज्यांना ही निवड सोपी वाटते त्यांनी आयुष्यात चांगला शिंपी पाहिलेला नाही. शेवटी बाईंनी डोळे मिटून पत्ता सांगितला, डावीकडून पाय ठेवा असंही सांगितलं.

बैठकीत संचालकांनी दोन्ही जागा मांडल्या आणि भूशिराबद्दल बोलताना त्यांचा आवाज आपोआप मऊ झाला. मग वन्संनी हात वर केला. विषय सोडून एक विचारते, त्या म्हणाल्या. तुमची दाढी फार छान कातरलेली असते, कुणाकडे जाता?

संचालक लाजले. आणि मग, जसा प्रत्येक माणूस करतो तसा, त्यांनी चेहरा पाडला. "कसली छान हो. चांगला माणूसच मिळत नाही. आहे एक घड्याळजीच्या दुकानामागे, पण तुमच्यापैकी कुणी जाऊ नका. मधली खुर्ची डुगडुगते. आठवड्याच्या सुरुवातीला कात्री बोथट असते, नंतर धार लावतो. आणि गप्पा इतक्या मारतो, सध्या त्याच्या मुलीच्या गाण्याच्या क्लासबद्दल."

"आणि ते भूशिरावरचं विश्रामगृह कसं आहे?"

"उत्तम," संचालक एकदम खुलले. "अतिशय उत्तम. सर्व सोयी."

"जेवणघराचं दार कुठे उघडतं? समुद्राकडे की मागे?"

संचालकांनी समोरचे कागद चाळून पाहिले.

"गेला होतात कधी?"

"जाणार आहे," संचालक म्हणाले.

समितीला कळायला थोडा वेळ लागला, कारण समित्यांना लागतो. मग टेबलाच्या टोकाकडून एक हसू सुरू झालं आणि एकेकाला घेत संचालकांपर्यंत आलं. ते प्रामाणिक गृहस्थ होते. स्वतःच्या दाढीवर हात फिरवत तेही हसले, आणि समोर बसलेल्या बाईंना म्हणाले, बाई, मी परीक्षेला पुन्हा बसतो. दलदल एकमताने मंजूर झाली. घड्याळजीचं दुकान नेमकं कुठलं, हे तीन सदस्यांनी जाता जाता लिहून घेतलं.

खोदकामाचं वर्णन मिरीवाल्याने आधीच करून ठेवलं होतं, त्याहून वेगळं काही घडलं नाही. चिखल पायात घेतला की बूट परत देत नसे. यजमान गुडघाभर गाळात उभे राहून रेघा कुठे भेटतात ते मुकादमाला दाखवत होते आणि इतके खूश होते की डास त्यांना चावायला लाजत असावेत. बाई फळीवर खुर्ची टाकून बसल्या होत्या, मांडीवर तिन्ही पाहुणे. वन्सं नवा कोट घालून आल्या होत्या. तो त्यांना बाईंपेक्षाही चांगला बसला होता आणि हे दोघींच्याही लक्षात आलं होतं.

आधी नुसता गाळ आला. मग खापरं आली, मग जास्त खापरं, मग घडीव दगडाची एक कड. माणसं हळू झाली. कडेखाली पायरी निघाली, तिच्याखाली आणखी एक. संचालकांना राहवेना. बघू, बघू, करत ते खाली उतरले आणि सगळ्यात खालच्या पायरीवर त्यांनी मोठ्या ऐटीत पाऊल ठेवलं. पुढच्या क्षणी ते चराच्या तळाशी, पाण्यात बसलेले होते.

सगळे धावले. बाई मात्र खुर्चीवरून उठल्या नाहीत. त्यांनी शांतपणे मिरीवाल्याचं पान काढलं आणि त्या मेलेल्या भाषेत, कुणी दुरुस्त करायला नसलेल्या उच्चारांत, ती ओळ मोठ्याने वाचली: सगळ्यात खालची पायरी अशी कललेली आहे की पाऊल ठेवलं की माणूस पाण्यात. मग मराठीत पुन्हा सांगितली. चराच्या तळाशी बसलेल्या संचालकांनी मान वर केली. त्यांच्या त्या अप्रतिम दाढीवरून गाळ ओघळत होता आणि चेहऱ्यावर परीक्षेत पहिला आल्याचा आनंद होता.

"बाई," ते खालून म्हणाले, "हीच. मी घसरलो ती."

धक्क्याच्या मागे एक ढासळलेली खोली निघाली आणि तिच्या कोपऱ्यात एकावर एक रचल्यासारखी, गोल, घासून गुळगुळीत केलेली दगडी वजनं. प्रत्येकावर कोरलेला मासा. मुकादमाने ओल्या फडक्याने पुसला आणि शेपट्या मोजल्या. दोन. बाईंनी वजन हातात घेतलं आणि थोडा वेळ त्यांना काही वाचता येईना. चष्म्याला गाळ लागला आहे असं त्या म्हणाल्या आणि सगळ्यांनी ते मानलं. यजमानांनी फक्त त्यांच्या खुर्चीच्या पाठीवर हात ठेवला.

घोडेवाल्याचं काम तेवढं राहिलं होतं. मंडळात सगळी वजनं तोलली. लहान बरोबर, मोठी बरोबर. मधलं हलकं. खालून पोखरून आत राळ भरलेली होती आणि वरून इतकं सफाईने बुजवलं होतं, की त्या तिरळ्या माणसाबद्दल सगळ्यांना आदर वाटला.

"म्हणजे घोडेवाला खोटं बोलत नव्हता," यजमान म्हणाले.

"पत्त्यात बोलत होता," बाई म्हणाल्या. "तक्रारीत नाही. तक्रार माणूस मनापासून करतो."

खोलीवर पाटी राहिली. फक्त 'लुप्त' हा शब्द वन्संनी स्वतः स्टुलावर चढून खरवडून काढला. बैठकीसाठी आणलेले कोच बाईंच्या खोलीत गेले. रंग त्यांनीच निवडलेला होता. शिंप्याच्या दारात आता रांग लागते आणि कुत्र्याला इतक्या नव्या कापडांवर भुंकावं लागतं की त्याचा आवाज बसला आहे. बाईंनी याबद्दल राज्याच्या राजाला अजून पूर्ण माफ केलेलं नाही.

बाईंनी शोधाबद्दल लेख लिहिला. पहिला भाग, वाईट वर्णनांवर विश्वास का ठेवावा, तो लगेच छापून आला. दुसरा भाग, गोड वर्णनांवर का ठेवू नये, तो अजून छापखान्यात होता. बघ्यांची झुंबड उडू नये म्हणून संचालकांनी एक निवेदनही काढलं, की जागा अत्यंत गैरसोयीची आहे, डास आहेत, चरावरची फळी डाव्या अंगाने कलते, कुणी येऊ नये. त्याच आठवड्यात फळीच्या टोकाशी एक उंच गृहस्थ उभे राहिलेले दिसले. पायात गुडघ्यापर्यंत रबरी बूट, हातात घडीचं स्टूल. फळीवर ते बरोबर उजव्या अंगाने चालत आले.

"मी तो कल्पनावाला," ते म्हणाले. म्हणजे टोपणनाव तिथपर्यंत पोहोचलं होतं. "तुमचा लेख वाचला, मग निवेदन वाचलं. फळी कुठल्या बाजूने कलते तेही लिहिलेलं पाहिलं आणि निघालोच. बाई, मी चुकलो. मला काहीतरी खणायला द्या."

बाईंनी उठून त्यांना खुरपं दिलं, आणि ते देताना त्यांना इतका आनंद झाला की तो लपवायला त्यांना पदवीदान समारंभातला चेहरा करावा लागला. कल्पनावाले चरात उतरले. खालची पायरी त्यांनी आठवणीने टाळली. दुपारपर्यंत त्यांनी एक फुटकी घागर काढली आणि ती लेकरासारखी मांडीवर घेऊन बसले. चांगला माणूस निघाला; इतक्या वर्षांचं भांडण त्यांच्याशी वाया घालवल्यासारखं वाटावं, इतका चांगला.

चहा घेताना त्यांची नजर बाईंच्या कोटावर गेली. मग वन्संच्या कोटावर. मग पुन्हा बाईंच्या.

"विचारू नये," ते म्हणाले, "पण हे शिवले कुणी?"

वन्संनी बाईंकडे पाहिलं. यजमानांनी कप तोंडाशी नेला आणि तिथेच धरून ठेवला. बाईंच्या चेहऱ्यावर गोड हसू पसरलं.

"आहे एक," त्या म्हणाल्या. "उत्तम शिवतो. अतिशय उत्तम. भूशिराच्या अगदी टोकाला दुकान आहे, शीतल छाया, मंद वारा. तुम्ही जाऊनच या."